कडता

शेवटची तारीख. रात्री साडेनऊ.
वखार भागातल्या आमच्या ऑफिसात
पोर्टल मघापासून नुसतं गोल फिरतंय
आणि बाकावर ओळीनं बसलेली माणसं
फोन तळहातावर धरून आहेत,
अंड्यातून आता काही बाहेर येईल अशी.

जिनगोंडा बिरनाळे, हळदीची अडत, तिसरी पिढी,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"हे एकदाचं बंदच करा की.
मिळकतीला हातच लावू नका.
माणूस विकत घेईल त्यावर काय तो कर,
दिल्लीपासून हरिपूरपर्यंत एकच.
कमावणाऱ्याला कशाला पिडता?
उधळतोय त्याला धरा."

मुल्लाणी सर पटकन "बरोबर" म्हणाले.
त्यांचा पगार हातात येण्याआधीच उष्टा होतो.
मग जरा थांबले.
गणिताचे मास्तर ते, बोटांवर काहीतरी मोजलं.
"पण शेट, माझा सगळाच पगार
वीस तारखेच्या आत दुकानांत जातो.
तुमचा किती जातो?"

शेट हसले. चहा आला.

मी काही बोलले नाही.
बावीस वर्षं इथं बसते,
सगळ्यांचे आकडे पाठ आहेत मला:
कुणाचा प्लॉट मेव्हणीच्या नावावर,
कुणाच्या मुलीचं डायलिसिस मिरजेला,
कोण मार्च आला की अचानक दानशूर होतं.
लग्नाकार्यात भेटले
की हे लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात.
हा फॉर्म फार चौकश्या करतो, खरंय.
पण चौकशी तरी करतो.

दारात दादू ऐवळे उभा होता,
शेटचं दप्तर घेऊन आलेला.
खुर्ची पिवळी होईल म्हणून तो कधीच बसत नाही.
"आमच्याकडं असलं काय न्हाई बाई," म्हणाला,
"आमचा कर साबणातच जातुय.
अंगाची हळद निघाया रोज अर्धी वडी लागती.
शेटला किती लागती?"
आणि मग, आपणच काही चुकीचं बोललो असं वाटून,
"न्हाई, म्हंजे, इचारतो आपलं."

कुणी उत्तर दिलं नाही.
शेटनी सौद्यातल्या सवयीनं
रुमालाखाली बोटं हलवावीत तशी
मांडीवरच्या पिशवीत बोटं हलवली.

भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर वीतभर,
त्या पुराची तपकिरी रेघ आहे.
दोनदा रंग दिला, तरी वर येते.
पाण्यानं कुणाचं उत्पन्न विचारलं नव्हतं,
सगळ्या गल्लीला एकच पातळी.
शेट तेव्हा विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर होते,
दादू पत्र्यावर.

पण हेही लिहायला हवं
की पूर ओसरल्यावर पहिला टेम्पो शेटनीच पाठवला,
तांदळाचा, आणि कुठल्याच वहीत तो नाही.

साडेअकराला ओटीपी आला. टाळ्या वाजल्या.
सर म्हणाले, दोन्ही ठेवतील, बघा,
मुळालाही कापतील, फळालाही.
शेट म्हणाले, पोत्यामागं कडता जायचाच,
प्रश्न तो कुणाच्या मापात धरायचा एवढाच.
आणि इतका वेळ भांडलेले दोघं
एकाच मोटरसायकलवर बसून गेले.

सगळे गेल्यावर मी माझा रिटर्न भरला.
पगार करपात्र नाही. देय शून्य.
आजारी आईसाठी यात एक रकाना आहे,
पण शून्यातून काय वजा करणार?
पर्समध्ये मेडिकलचं बिल होतं:
डायपरचं पुडकं, गोळ्या, मलम,
खाली बारीक अक्षरात कराची ओळ.
शेटच्या आईलाही तोच ब्रँड लागतो.
त्यांच्या बिलावरही तेवढीच.

दादूनं ठेवलेल्या दप्तराच्या पुठ्ठ्यावर
अंगठ्याचा एक पिवळा ठसा उठला होता.
पुसायला ओला कपडा घेतला,
मग तसाच ठेवला.